२३ वर्षं पिंपात मुरलेली दारू, एका बाटलीला लाखो रुपये: 'पॅपी व्हॅन विंकल'चा विषय नेमका काय आहे?

२०१३ चा ऑक्टोबर महिना. अमेरिकेतल्या केंटकी राज्याची राजधानी फ्रँकफर्ट. तिथल्या बफेलो ट्रेस नावाच्या डिस्टिलरीतून दारूच्या दोनशेहून जास्त बाटल्या गायब असल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. छापील किंमत धरली तर माल होता साधारण २६ हजार डॉलरचा. म्हणजे फार काही मोठा दरोडा नाही. पण बातमी अमेरिकाभर गाजली आणि प्रकरणाला थेट 'पॅपीगेट' असं नाव पडलं.

२०१५ साली नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. मुख्य आरोपी निघाला डिस्टिलरीचाच जुना कर्मचारी. माल थोडा थोडा करून आतूनच बाहेर जात होता आणि गिऱ्हाइकं मिळत होती ती सॉफ्टबॉल खेळणाऱ्या दोस्तांच्या ओळखीतून. २०१८ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली, पण महिनाभरात तो प्रोबेशनवर बाहेरही आला. पुढे नेटफ्लिक्सने 'हाइस्ट' या मालिकेत यावर भाग केले.

दोनशे बाटल्यांसाठी एवढा राडा का? कारण त्या बाटल्यांवर नाव होतं पॅपी व्हॅन विंकल.

या नावाची २३ वर्षं मुरलेली बाटली कंपनीच्या हिशोबाने अनेक वर्षं ३०० डॉलरच्या आसपास विकायला असायची. पण त्या भावात ती मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. हे शब्दशः खरं आहे, ते पुढे सांगतोच. बाहेरच्या बाजारात तीच बाटली हजारो डॉलरला जाते. आपल्या रुपयात सरळ लाखांत.

आता तुम्ही म्हणाल, एवढे पैसे देऊन लोक पितात तरी काय? तर खरी गंमत अशी की यातले बरेच पैसे बाटलीत असलेल्या दारूचे नाहीतच. ते हवेत उडून गेलेल्या दारूचे आहेत आणि मिळत नसलेल्या वस्तूचे आहेत.

आधी बर्बन म्हणजे काय ते बघू

बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून तिला 'अमेरिकेचं खास उत्पादन' असा दर्जा दिला. म्हणजे आपण कोल्हापुरात बनवून तिला बर्बन म्हणू शकत नाही. तिच्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो. रंग किंवा चव वरून मिसळता येत नाही. बाटलीत भरताना अल्कोहोल किमान ४० टक्के हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारू ठेवायचं ओकच्या लाकडाचं पिंप कोरं करकरीत हवं, तेही आतून जाळून कोळसा केलेलं.

हा कोऱ्या पिंपाचा नियम नीट लक्षात ठेवा. सगळी गोष्ट इथेच फिरते.

भट्टीतून निघालेली दारू पाण्यासारखी पारदर्शक असते. तिचा रंग आणि बरीचशी चव पिंपातून येते. लाकूड जाळलं की त्यातली साखर कॅरमलसारखी होते, व्हॅनिलाचा वास देणारा घटक सुटा होतो, तुरटपणा देणारी टॅनिन तर असतातच. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळा बोचरा. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते. दर वर्षी ही ये-जा चालू राहते आणि प्रत्येक फेरीत दारू लाकडातून काहीतरी घेऊन येते.

स्कॉच बनवणारे बहुतेक वेळा आधी वापरलेली पिंपं घेतात, त्यातली बरीच बर्बनचीच. चहाच्या भाषेत सांगायचं तर स्कॉच हा एकदा वापरलेल्या पावडरीवरचा चहा आहे आणि बर्बन ताज्या पावडरीवरचा. वापरलेल्या पावडरीवर चहा कितीही वेळ ठेवा, फार बिघडत नाही. ताज्या पावडरीवर अर्धा तास उकळत ठेवा, मग बघा तोंडाचं काय होतं ते.

म्हणूनच चांगली बर्बन साधारण ४ ते १२ वर्षांत तयार होते. २३ वर्षं म्हणजे आगीशी खेळ. शंभर पिंपं तेवढी वर्षं ठेवली तर त्यातली बरीच कडवट, कोरडी, नुसत्या लाकडाची चव देणारी निघू शकतात. 'दारू जितकी जुनी तितकी भारी' हे आपल्याकडे गृहीत धरलं जातं, पण बर्बनच्या बाबतीत ते सरळसरळ चुकीचं आहे.

देवदूत पितात, आपण पैसे भरतो

लाकडाला बारीक छिद्रं असतात आणि पिंपातली दारू सतत उडत असते. या उडालेल्या दारूला 'एंजल्स शेअर' म्हणतात, म्हणजे देवदूतांचा वाटा. केंटकीत हा वाटा वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के धरतात.

हिशोब करून बघू. बर्बनचं पिंप ५३ गॅलनचं, म्हणजे २०० लिटरचं. वर्षाला ४ टक्के उडाली तर २३ वर्षांनी उरतात सुमारे ७८ लिटर. ५ टक्के उडाली तर ६१. हे झालं कागदावरचं. शिवाय लाकूड स्वतः दारू पिऊन बसतं, एखादं पिंप गळतं. आणि जे उरेल ते पिण्यालायक असेलच याची खात्री नाही.

याच जागी आपलं गोवा आठवून बघा. कुंकळ्ळीच्या डिस्टिलरीत पॉल जॉन सिंगल माल्ट बनते. तिथे हवा बारा महिने गरम, त्यामुळे देवदूतांचा वाटा ८ टक्क्यांच्या घरात जातो. त्या वेगाने २०० लिटरचे २३ वर्षांत २९ लिटर उरतील. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर २३ वर्षं असा आकडा दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही, कारण इथे दारू मुरतेही तेवढ्याच घाईने. योगायोग म्हणजे बफेलो ट्रेसची मालक सॅझरॅक कंपनीने २०१७ साली पॉल जॉनच्या कंपनीत हिस्सा घेतला.

केंटकीत पिंपं बहुमजली गोदामात ठेवतात. वरचे मजले तापतात, खालचे गार राहतात. जास्त वर्षं ठेवायचा माल म्हणून खाली. बफेलो ट्रेसने तर यासाठी २०१८ मध्ये कृत्रिम थंडी असलेलं 'वेअरहाऊस पी' नावाचं गोदामच सुरू केलं. तिथे शेवटची काही वर्षं ठेवलेली 'ईगल रेअर २५' ही बर्बन २०२३ मध्ये आली. २०० बाटल्या, प्रत्येकी १० हजार डॉलर.

मुळात एवढी जुनी बर्बन शिल्लक राहिली कशी?

तर झालं असं की ती कुणी मुद्दाम ठेवली नव्हती. ती विकली जात नव्हती म्हणून पडून होती.

ज्युलियन व्हॅन विंकल, म्हणजेच 'पॅपी', १८९३ साली डब्ल्यू. एल. वेलर या दारूच्या व्यापाऱ्याकडे सेल्समन म्हणून लागला. पुढे एका सहकाऱ्यासोबत तीच कंपनी त्याने विकत घेतली. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ ला उठली आणि १९३५ साली लुईव्हिलजवळ स्टिट्झेल-वेलर डिस्टिलरी उभी राहिली. हिची खासियत म्हणजे मक्याच्या जोडीला राय या तिखटसर धान्याऐवजी गहू. त्यामुळे दारू मऊ, गोडसर आणि लाकडाचा मारा जरा जास्त सोसणारी. पॅपी १९६५ मध्ये गेला.

त्यानंतर अमेरिकेची चव बदलली. तरुण पोरं व्होडकाकडे वळली, बर्बन म्हणजे म्हाताऱ्यांची दारू ठरली. १९७२ साली कुटुंबाला डिस्टिलरी विकावी लागली. पॅपीच्या मुलाने 'ओल्ड रिप व्हॅन विंकल' हे नाव तेवढं हातात ठेवलं. तो १९८१ ला गेला आणि नातू, म्हणजे ज्युलियन तिसरा, धंद्यात उतरला. त्याच्याकडे ना भट्टी ना भांडवल. पण इतरांच्या गोदामात कुणालाही नको असलेली जुनी पिंपं होती. तो ती घ्यायचा, चाखायचा, बाटलीत भरायचा आणि विकायचा. स्टिट्झेल-वेलरची भट्टी १९९२ मध्ये बंदच पडली.

नव्वदच्या दशकात त्याने आजोबांच्या नावाने २० वर्षांची बर्बन काढली. लेबलवर आजोबा सिगार पेटवतानाचा फोटो. शिकागोच्या बेव्हरेज टेस्टिंग इन्स्टिट्यूटने तिला १०० पैकी ९९ गुण दिले. बर्बनला एवढे गुण ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढे अँथनी बोर्डेनसारख्या शेफनी टीव्हीवर कौतुक केलं आणि विषय हाताबाहेर गेला.

२००२ पासून हा सगळा कारभार बफेलो ट्रेससोबत भागीदारीत चालतो. इथे संग्राहकांचा एक आवडता वाद आहे. १९९२ मध्ये भट्टी बंद झाली, म्हणजे तिथलं शेवटचं पिंप २०१५ मध्ये २३ वर्षांचं झालं. त्याआधीच्या बाटल्यांमध्ये स्टिट्झेल-वेलरचा माल असण्याची शक्यता, नंतरच्यांत जवळपास नाहीच. लेबल तेच, आजोबा तेच, दारू वेगळ्या भट्टीची. म्हणून जाणकार माणूस आधी बाटली कोणत्या साली भरली ते बघतो, नाव नंतर.

अशीच दुसरी गोष्ट 'ए. एच. हर्श'ची. पेन्सिल्व्हेनियात १९७४ साली काढलेली ही बर्बन. डिस्टिलरी १९९० मध्ये बुडाली. मालकाने पिंपातली १६ वर्षांची दारू स्टीलच्या टाकीत ओतून ठेवली, कारण आणखी मुरली असती तर ती वाया गेली असती. स्टीलमध्ये लाकूड नाही, म्हणून वय तिथेच थांबलं. आज ती बर्बनमधली सगळ्यात दुर्मीळ नावांपैकी एक. जुनं जपायचं म्हणून नाही, तर 'आता बास' हे वेळेवर कळलं म्हणून ती वाचली.

लॉटरी, वशिला आणि नकली माल

वीस-तेवीस वर्षांपूर्वी जेवढी पिंपं भरली तेवढीच आज निघणार. मागणी आज दहापट झाली तरी २३ वर्षांची दारू उद्या सकाळी बनवता येत नाही. पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशा काही राज्यांत दारूची दुकानं सरकार चालवतं. तिथे पॅपीसाठी खरोखर लॉटरी निघते. नाव नोंदवायचं, नंबर लागला तर छापील भावात बाटली.

आणि जिथे लॉटरी आली तिथे वशिला आलाच. ओरेगन राज्यात २०२३ मध्ये उघड झालं की सरकारी दारू आयोगाचे प्रमुख आणि काही वरिष्ठ अधिकारी पॅपी २३ सारख्या बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवत होते. पैसे भरत होते, पण रांग मोडून. गव्हर्नरने प्रमुखांचा राजीनामा मागितला. आपल्याला हे वाचून फार धक्का बसणार नाही, पण तिकडे बसला.

ज्यांना लॉटरी लागत नाही ते खासगी बाजारात जातात. अमेरिकेत परवान्याशिवाय दारू विकणं बेकायदा आहे, तरीही फेसबुकवर हजारो लोकांचे खरेदी-विक्रीचे ग्रुप चालायचे. २०१९ मध्ये फेसबुकने ते बंद करायला सुरुवात केली, मग लोक दुसरीकडे गेले. केंटकीने मधला मार्ग काढला. २०१८ पासून तिथे परवानाधारक दुकानाला लोकांकडून जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा विकता येतात.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. पॅपीच्या रिकाम्या बाटल्यांनाही ऑनलाइन चांगला भाव मिळतो. कोण घेतं? काही जण कपाटात शोभेला ठेवतात. काही जण दुसरी बर्बन भरून, सील लावून, पूर्ण किमतीत विकतात. आणि ज्याने संग्रहासाठी घेतली तो ती कधी उघडणारच नाही, म्हणजे चोरी पकडली जायची शक्यता कमी. लाखो रुपयांची वस्तू आणि आत काय आहे हे ती फोडल्याशिवाय कळत नाही, असा हा सौदा आहे.

बरं, चव कशी असते आणि प्यायची कशी?

समजा कुणी अमेरिकेतल्या चांगल्या बारमध्ये नेलं आणि अर्धा पेग समोर आला. एवढी महाग गोष्ट आहे म्हणून घाई करायची नाही.

तळाशी फुगीर, वर निमुळता ग्लास मागा. ओतल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवा. मग नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीजवळ आणा, तोंड थोडं उघडं ठेवा आणि हळू वास घ्या. तोंड मिटून हुंगलं तर नुसतं स्पिरिट झोंबतं. पहिला घोट अगदी लहान, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. खरी चव दुसऱ्या घोटाला कळते. नंतर दोन-चार थेंब साधं पाणी घाला. बर्फ आणि सोडा या ठिकाणी नको. एरवी ज्याला जशी आवडते तशी प्यावी, पण इथे बर्फाने जीभ बधिर करून घ्यायला एवढे पैसे मोजलेले नसतात.

२३ वर्षांच्या बर्बनमध्ये काय शोधायचं? रंग गडद, तांब्याकडून काळपटाकडे झुकणारा. वास जुन्या लाकडी कपाटासारखा, चामड्यासारखा, तंबाखूच्या पानासारखा. त्यामागे काकवी, खारीक, जायफळ, जरा करपलेलं कॅरमल. आणि शेवटी तुरट कोरडेपणा. हा शेवट महत्त्वाचा. तुरटपणाबरोबर गोडवा टिकून असेल तर पिंप बरोबर वेळी उघडलं असं समजा. घशात फक्त लाकूड उरलं तर ते उशिरा उघडलं.

म्हणूनच व्हॅन विंकलच्या चाहत्यांमध्येही बरेच जण सांगतात की यांची १५ वर्षांची बर्बन २३ वाल्या बाटलीपेक्षा सरस आहे. ती ५३.५ टक्के अल्कोहोलची, जोरकस. २३ वाली ४७.८ टक्क्यांची. आणि किंमत मात्र २३ वालीची जास्त, कारण किंमत जिभेवर ठरत नाही, लेबलवरच्या आकड्यावर ठरते. याच डिस्टिलरीत गव्हाचीच रेसिपी असलेली 'वेलर' बनते. तिला लोक 'गरिबाची पॅपी' म्हणू लागले आणि म्हणता म्हणता तीही गरिबाची राहिली नाही.

जपून ठेवायची तर

पहिली गोष्ट, बाटलीत व्हिस्की मुरत नाही. १२ वर्षांची बाटली कपाटात दहा वर्षं ठेवली तर ती २२ वर्षांची होत नाही, १२ चीच राहते. मामांनी लग्नात दिलेली बाटली वीस वर्षं जपून ठेवणाऱ्या घरांत हे जरूर सांगा.

दुसरी, बाटली उभी ठेवायची. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. ऊन लागू द्यायचं नाही, गॅसच्या शेगडीजवळ नको. आणि एकदा उघडली की हवा शिरते. अर्ध्याहून खाली गेली तर काही महिन्यांत वास फिका पडायला लागतो. तेव्हा तळाशी दोन पेग उरवून 'खास दिवसासाठी' ठेवणं हा शुद्ध तोटा आहे.

अमेरिकेत काही जण महागड्या बाटल्यांमागे न धावता गावोगावची जुनी दुकानं धुंडाळतात. याला 'डस्टी हंटिंग' म्हणतात, धूळ खात पडलेल्या बाटल्यांची शिकार. झाकणावर कागदी कराची पट्टी असेल तर बाटली बहुधा १९८५ च्या आधीची, कारण त्या वर्षी पट्ट्या बंद झाल्या. माप मिलिलिटरऐवजी पाइंट किंवा क्वार्टमध्ये असेल तर ती १९८० च्या आधीची असण्याची शक्यता दाट.

आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. साधी बर्बन त्यामुळे थोडी आवाक्यात येऊ शकते, पॅपीचा प्रश्न तसाच आहे. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय आणता येते, त्यामुळे अमेरिकेतल्या भावाला सांगणार असाल तर पावती असलेली, दुकानातून घेतलेली बाटलीच सांगा. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. घरी दारू बाळगायला परवाना लागतो आणि किती बाळगायची यावर मर्यादाही आहे. हा कायदा १९४९ चा, म्हणजे पॅपीची भट्टी जोरात चालू होती त्या काळातला.

केंटकीत आज माणसं सुमारे ४५ लाख आणि मुरत पडलेली पिंपं दीड कोटीच्या आसपास. खप पुन्हा मंदावल्याच्या बातम्या येतायत. विकली न गेलेली काही पिंपं गोदामाच्या खालच्या मजल्यावर विसरली गेली, तर २०४५ च्या आसपास कुणाच्या तरी हाती लागतील.